शेजारच्या वाड्याची पन्हळ

लक्ष्मी रस्त्यावरून सदाशिव पेठेच्या बाजूला वळले की दुकानांचा झगमगाट पन्नासेक पावलांत संपतो आणि जुने पुणे सुरू होते. आमची गल्ली अशीच आहे. तोंडाशी साड्यांचे तीन मजली दुकान, त्याला लागून बांगड्या आणि खोट्या दागिन्यांचे एक, पुढे आमची बारा सदनिकांची १९८६ सालची इमारत आणि तिला खेटून उभा असलेला वाडा. गल्लीत पूर्वी पाच वाडे होते. आता हा एकच उरल्यामुळे त्याला मालकांच्या आडनावाने कोणी ओळखत नाही, सगळे नुसते ‘वाडा’ म्हणतात. आमची इमारतही त्या पाचांपैकी एकाच्या जागेवर उभी आहे, ही गोष्ट आमच्या सभासदांना सहसा आठवत नाही. मी या सोसायटीची सहा वर्षे सचिव आहे, त्यामुळे वाड्याविषयी कोणाला काय वाटते हे मला जिन्यात, गच्चीवर, वाण्याच्या दुकानात आणि सभेच्या इतिवृत्तात असे चारही ठिकाणी ऐकावे लागते.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस महापालिकेचा माणूस येतो आणि वाड्याच्या दिंडी दरवाजावर नोटीस डकवून जातो. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ त्यात असते, बांधकाम धोकादायक झाले असून ते दुरुस्त करावे अथवा उतरवून घ्यावे असा मजकूर असतो, आणि काही बरेवाईट झाल्यास मालक व भोगवटादार जबाबदार राहतील अशी तंबी असते. मागच्या वर्षीचा कागद खरवडून काढण्याची तसदी कोणी घेत नाही; खळ लावून नवा कागद जुन्यावरच चिकटवला जातो. त्या दिंडीवर आता नोटिशींचा चांगला बोटभर जाड पुठ्ठा तयार झाला आहे, आणि त्या जागेवर मात्र लाकूड पावसापासून उत्तम जपले गेले आहे.

गल्लीत प्रत्येकाला वाडा ज्या बाजूने दिसतो, त्याच बाजूने तो दुरुस्त व्हावासा वाटतो. तोंडाशी असलेल्या साडीच्या दुकानाच्या शेठना तो समोरून दिसतो. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत गिऱ्हाइकांच्या गाड्या गल्लीत शिरतात, बायका गाडीतून उतरताना वर बघतात आणि लोंबकळणाऱ्या वायरी, पोपडे सुटलेली भिंत, एका बाजूला झुकलेला सज्जा पाहून पोराचा हात घट्ट धरतात. शेठचे म्हणणे एवढेच की दर्शनी भाग तेवढा नीट करावा, रंगाचा खर्च आपण देऊ. विसर्जन मिरवणुकीच्या आधी तर ते हमखास हा विषय काढतात, कारण त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी फुटून आमच्या गल्लीत येते. एका वर्षी त्यांनी मालकांना विचारून अख्ख्या दर्शनी भिंतीवर दुकानाचा फ्लेक्स लावला. गल्ली एकदम टापटीप दिसू लागली हे मलाही मान्य करावे लागले. पण फ्लेक्सच्या मागे ऊन पोहोचेना, वारा लागेना, आणि चार महिन्यांनी तो उतरवला तेव्हा सज्जाच्या खालच्या तुळईवर हिरवट शेवाळ आले होते.

आमच्या इमारतीतल्या लोकांना वाडा बाजूने आणि वरून दिसतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांना त्याचे छप्पर दिसते: मंगलोरी कौले, त्यांवर निळे प्लास्टिक, प्लास्टिक उडू नये म्हणून ठेवलेले स्कूटरचे टायर, कबुतरे आणि भिंतीच्या खांद्यावर वाढलेला पिंपळ. दुसऱ्या मजल्यावरच्यांना न्हाणीघराच्या खिडकीतून दोन इमारतींमधली अडीच फुटांची बोळ दिसते आणि तिचा वास येतो. तळमजल्यावरच्यांना उंदीर दिसतात. म्हणून आमच्या सभेत ‘वाड्याची देखभाल’ हा विषय निघाला की एकजण घुशींविषयी, दुसरा डासांविषयी आणि तिसरा सदनिकेच्या उतरलेल्या किमतीविषयी बोलत असतो, आणि इतिवृत्तात मला ते सगळे एकाच वाक्यात बसवावे लागते.

आत राहणाऱ्यांची बाजू वेगळी आहे. एके काळी वाड्यात नऊ बिऱ्हाडे होती. त्यांपैकी चार आज राहतात, तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला फॉल-पिको करणाऱ्या शिंपीकाकांचे दुकान आहे, आणि उरलेल्या खोल्यांना कुलपे आहेत. कुलपांचे मालक कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, कोणी अमेरिकेत मुलाकडे आहेत. पण खोलीचा ताबा सुटू नये म्हणून वर्षातून एकदा कोणीतरी येऊन कुलूप उघडते, केर काढते आणि पुन्हा लावून जाते. माझ्या मते वाड्याला सर्वात जास्त नुकसान या कुलपांनी केले आहे. माणूस राहत असलेल्या खोलीत पावसाचा पहिला थेंब पडला की कोणीतरी पातेले ठेवते, दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढते, सरकलेले कौल जागेवर बसवते. कुलूपबंद खोलीत तोच थेंब चार महिने पडत राहतो.

पहिल्या मजल्यावरच्या आजी या वाड्यात १९५८ साली सून म्हणून आल्या. पानशेतच्या पुराचे पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांतून आलेल्या दोन कुटुंबांना त्यांच्या सासूबाईंनी ओसरीवर महिनाभर ठेवून घेतले होते, हे त्या अजून सांगतात. त्यांच्या दोन खोल्यांचे भाडे महिना ४५ रुपये आहे. मालक ते घेत नाहीत. आजी वर्षाचे ५४० रुपये मनिऑर्डरने पाठवतात, मनिऑर्डर ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येते, आणि आजी तो कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. आपण भाडे थकवले नाही याचा तो पुरावा आहे. डबा भरला म्हणून आता दुसरा सुरू झाला आहे.

मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळकत पत्रिकेवर चौदा नावांत आहे. त्यांतले एक पुतणे, वय सत्तरच्या घरात, तेवढे अधूनमधून येतात. हातात छत्री, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आत न शिरता रस्त्यावरूनच वाडा बघून जातात. गल्लीत त्यांना फारसे कोणी बरे म्हणत नाही. मीही म्हणत नसे. एकदा आमच्या पायऱ्यांवर टेकून त्यांनी मला हिशेब सांगितला: सगळ्या भाडेकरूंनी नियमाने भाडे दिले आणि त्यांनी ते घेतले, तरी महिन्याची रक्कम ३६० रुपयांच्या वर जात नाही. सुताराची एका दिवसाची मजुरी त्यात बसत नाही. “माझ्या आजोबांनी हा वाडा बांधला नाही, विकतही घेतला नाही, त्यांच्या वाटणीत आला, आणि मला वाटणीत नोटीस आली,” असे ते म्हणाले आणि मला पहिल्यांदा त्या माणसाची कीव आली.

हा हिशेब इथवर कसा आला, हे ठाऊक असल्याशिवाय या वादात बोलण्यात अर्थ नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभाडे धरले आणि ते गोठवले. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना रस्त्यावर येण्यापासून वाचवणारी ती तरतूद होती आणि त्या काळी ती योग्यच होती. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमाणभाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी होऊन बसली आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. आजींच्या ४५ रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे.

याच अधिनियमाचे कलम १४ देखभालीविषयी आहे आणि गल्लीतल्या प्रत्येकाने ते आपापल्या सोयीने अर्धेच वाचलेले आहे. पहिला अर्धा भाग भाडेकरूंना पाठ आहे: जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. दुसरा भाग असा, की मालकाने दुर्लक्ष केल्यास भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. आजींच्या बाबतीत ही रक्कम १३५ रुपये होते. तेवढ्यात फार तर खिळे आणि थोडा सुतळीचा बंडल येईल. म्हणजे कर्तव्य मालकाचे, परवानगी भाडेकरूची, आणि पैसा दोघांकडूनही येणार नाही अशी ही व्यवस्था आहे. पागडीलाही, म्हणजे खोलीचा ताबा देता-घेताना भाड्याशिवाय मोजल्या जाणाऱ्या रकमेलाही, १९९९ च्या कायद्याने मान्यता दिल्यामुळे खोलीला बाजारात किंमत आहे, पण ती खोलीच्या ताब्याची किंमत आहे. छताची, भिंतीची, जिन्याची नाही.

महापालिका धोकादायक इमारतींची जी वर्गवारी करते, तिच्यावरूनही दोन तट पडतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसे आत असतानाच मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. मालकांनी आणलेल्या अभियंत्याला वाडा सी-१ दिसला, भाडेकरूंनी आणलेल्याला सी-२बी दिसला. दोघांनी एकाच आठवड्यात त्याच तुळयांवर हातोडी वाजवून पाहिली होती.

वाडा मरतो कसा, हे मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवले. तोपर्यंत माझी समजूत सगळ्यांसारखीच होती, की जुन्या मातीच्या भिंती आहेत, लाकूड जुने आहे, वय झाले, संपले. मिस्त्री शिंपीकाकांच्या ओळखीचे, उभा जन्म वाड्यांच्या लाकडात गेलेले. त्यांनी मला आजींच्या मागच्या खोलीत नेले. आमच्या बोळीच्या बाजूला जिथे तुळईचे टोक भिंतीत शिरते, तिथे त्यांनी पेचकस टेकवला आणि नुसत्या अंगठ्याने दाबला. तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. मग वीतभर अलीकडे सरकून त्यांनी त्याच तुळईवर पेचकसाची मूठ आपटली. टण् असा आवाज आला. “हे बघा, इथनं पुढं सगळा पक्का साग हाय. नुसतं तोंड कुजलंय,” ते म्हणाले. कुजलेले तोंड कापायचे, सागाचा नवा तुकडा दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट घालून जोडायचा, तोवर खाली टेकू लावायचा. असे सहा खणांचे काम होते. “पण आधी पन्हळ,” असे ते पुढे म्हणाले. “पन्हळ केली नाही तर पैशे वाया.”

वाड्याच्या छपराचा एक उतार आमच्या बोळीकडे आहे आणि त्याचे पाणी एका जस्ती पत्र्याच्या पन्हळीत पडते. ती पन्हळ तुंबली होती. तुंबली की पाणी उलटे फिरते, भिंतीच्या माथ्यावर उतरते, वरच्या कच्च्या विटांत आणि मातीत मुरते आणि तुळईच्या टोकापाशी येऊन बसते. पूर्वी मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीतून ही ओल उन्हाळ्यात उडून जात असे. पण तळमजल्यावर दुकानाला दर्शनी शोभा यावी म्हणून सिमेंटचा गिलावा आणि वर फरशा लावल्या गेल्या, तेव्हापासून ओलीला बाहेर पडायची वाटच उरली नाही आणि ती वर चढू लागली. म्हणजे गल्लीत ज्याला दुरुस्ती म्हणून वाखाणले गेले, तेच वाड्याला बाधले.

मिस्त्रींचा पोरगा पन्हळीत हात घालून काय तुंबले आहे ते काढत होता आणि बोळीत टाकत होता. मी आमच्या जिन्याच्या खिडकीतून पाहत होते. पिंपळाची पाने आणि कबुतरांची पिसे निघणार हे अपेक्षित होते. ती निघालीच. पण त्यांच्याबरोबर दुधाच्या पिशव्या निघाल्या, कापसाचे बोळे, औषधांची रिकामी पाकिटे, एक प्लास्टिकचा कंगवा, शाळेतली मोजपट्टी आणि शॅम्पूच्या पुड्या निघाल्या. वाड्यावर वरून काही पडायला वाड्याहून उंच असे तिथे एकच घर आहे. आमचे.

भाडेकरूंनी आणि शिंपीकाकांनी मिळून ८५,००० रुपये जमवले. आजींच्या मुलाने, जो वाकडला असतो आणि आईने हे सगळे सोडून आपल्याकडे यावे असे पंधरा वर्षे म्हणतो आहे, त्यातले निम्मे दिले. पुतण्यांनी तोंडी सांगितले की हरकत घेणार नाही, पण लिहून देणार नाही. लिहून दिले की मालकांनीच वाडा राहण्याजोगा असल्याचे मान्य केले असे होईल, असे त्यांच्या वकिलाचे मत. एकच अडचण होती. काम बोळीच्या बाजूने करायचे म्हणजे परांची आमच्या बाजूच्या मोकळ्या जागेत बांधावी लागणार होती, जास्तीत जास्त दहा दिवस. त्यासाठी शिंपीकाका रीतसर अर्ज घेऊन आले. अर्ज त्यांनी कोणाकडून तरी टाइप करून आणला होता आणि खाली पाच जणांच्या सह्या होत्या.

आम्ही विशेष सभा बोलावली आणि अर्ज फेटाळला. मी स्वतः लिहिलेले वाक्य इतिवृत्तात आहे: ‘सभासदांच्या व वाहनांच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव परवानगी नाकारण्यात येत आहे.’ सभेत प्रत्यक्षात जे बोलले गेले ते वेगळे होते. आमची इमारत आता चाळीस वर्षांची होत आली. एकट्या आमच्या भूखंडावर नव्याने बांधायचे तर रस्त्याची रुंदी, बाजूला सोडायची जागा आणि वाहनतळ यांतच जमीन संपते, म्हणून कोणी बिल्डर फिरकत नाही. वाड्याची जागा आमच्या जागेला जोडली तर मात्र एकत्रित पुनर्विकासाचे गणित जुळते, असे एकाने येऊन सांगितलेही होते. तेव्हा वाडा आणखी वीस वर्षे उभा राहील अशी व्यवस्था आपल्याच जागेत परांची बांधू देऊन आपण का करून द्यावी, असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदाने विचारला. तो कोणालाच दुष्टपणाचा वाटला नाही. मलाही वाटला नाही. धोक्याची तक्रार करणारे आम्ही, धोका कमी करायला आलेल्यांना नाही म्हणून घरी जेवायला गेलो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पहाटे तीनच्या सुमारास, बोळीच्या बाजूची वरची आठ-दहा फूट भिंत आमच्या वाहनतळात आली. आवाज मोठा नव्हता. पोते ओतल्यासारखा होता. चार दुचाक्या गाडल्या गेल्या, माणूस कोणी दगावले नाही. अग्निशमन दलाची गाडी आली, गल्लीला दोरी बांधली गेली, वाड्याची वीज तोडली गेली, आणि सकाळी आठपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला आपण म्हणत होतो तेच खरे ठरल्याचा साक्षात्कार झाला होता. शेठ म्हणाले, म्हणूनच मी सांगत होतो दर्शनी बाजू बांधून घ्या. पडली ती मागची होती. आमचे सभासद म्हणाले, म्हणूनच आपण परवानगी दिली नाही, मजूर त्याखाली सापडले असते. पुतणे दुपारी आले, छत्री मिटून उभे राहिले आणि कोणालाच काही म्हणाले नाहीत.

आजी अकरा रात्री आमच्याकडे झोपल्या. दिवसा मात्र त्या वाड्याच्या ओसरीवर जाऊन बसत, कोणी आपल्या खोलीला कुलूप लावू नये म्हणून. मुलगा गाडी घेऊन आला होता; त्या गेल्या नाहीत. “जागा सोडली की जागा गेली,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. मी त्यांना समजावले की इमारत पडली किंवा पाडली तरी भाडेकरूचा हक्क जमिनीच्या आधाराने शिल्लक राहतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ सालचा निकाल आहे आणि तो महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अगं, पण तो माणूस तोवर राहत कुठे होता?”

आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर, बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा जिथे सुरू केली ती ही जागा. खाली दुकाने चालू, वरचा मजला मोडकळलेला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावे याविषयी शहरात दुमत नव्हते. महापालिका, मूळ मालक आणि आतले भोगवटादार यांच्यातले खटले मात्र वर्षानुवर्षे चालले, आणि अखेर २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाल लागून डिसेंबरात वाडा पाडला गेला. त्या सगळ्या वर्षांत मी त्याच्यावरून अनेकदा गेले आहे. ज्या वास्तूचा एवढा अभिमान, तिची कौलेही कोणाला परतता आली नाहीत, तिथे आमच्या निनावी वाड्याची काय कथा. उलट माझी मावशी शनिवारवाड्याजवळ राहते. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही या २०१० च्या केंद्रीय कायद्यामुळे तिच्या आळीला डागडुजीशिवाय पर्यायच नाही, आणि त्या डागडुजीसाठीही परवानगी लागते. मावशीचे शेजारी रोज त्या कायद्याला शिव्या घालतात, पण तिकडच्या पन्हळी आमच्याकडच्यांपेक्षा साफ असतात, हे मी पाहिले आहे.

भिंत पडल्यानंतर सोसायटीची दुसरी सभा झाली. यावेळी मी इतिवृत्त लिहिण्याआधी बोलले, पन्हळीतून काय काय निघाले त्याची यादी वाचून दाखवली, आणि कंगव्यापाशी येईपर्यंत खोलीत कोणी कोणाकडे पाहत नव्हते. एकत्रित पुनर्विकासाचा मुद्दा पुन्हा निघाला. सात विरुद्ध पाच मतांनी परवानगी मंजूर झाली. ते पाच सभासद माझ्याशी अजूनही बेताचेच बोलतात, आणि त्यांचे म्हणणे चूकच आहे असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वाडा आज ना उद्या जाणार आहे आणि आमची इमारतही. फक्त तोवर त्याच्याखालून माणसे ये-जा करतात.

काम चौदा दिवस चालले. पिंपळ काढायचा होता त्या दिवशी मिस्त्रींच्या एकाही माणसाने पहिला घाव घालायची तयारी दाखवली नाही. तिथे मुंजा असतो, शनिवारी तर नकोच, आधी कोणीतरी नारळ फोडा, असे सुरू झाले. शेवटी शिंपीकाकांनी नारळ आणला, आजींनी वरून हळदकुंकू पाठवले, आणि पहिली कोयती मारली ती बांगड्यांच्या दुकानातल्या बिहारहून आलेल्या पोराने, ज्याला या सगळ्यातले काहीच माहीत नव्हते. मुळे भिंतीत हातभर गेली होती. ती ओढून काढायची नाहीत, कापून तिथेच मारायची, नाही तर भिंतीचा गाभा बाहेर येतो, हे मिस्त्री तीन-तीनदा सांगत होते. वरची भिंत पुन्हा विटा आणि चुन्यात बांधली. सिमेंटला त्यांनी हात लावू दिला नाही. आमच्या बाजूच्या न्हाणीघरांच्या खिडक्यांना बारीक जाळ्या बसवल्या; त्यांचा खर्च सोसायटीने दिला आणि मी तो ‘किरकोळ’ या सदरात टाकला.

आजींनी कायद्याप्रमाणे मालकांना आधी नोटीस पाठवली होती, तिच्या प्रती काढायला आणि रजिस्टर पोस्टाला गेलेला खर्च कायद्याने वळत्या करता येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होता. तरी त्यांनी ५४० मधून १३५ वजा केले, ४०५ रुपयांची मनिऑर्डर केली आणि निरोपाच्या जागी ‘दुरुस्तीपोटी वजावट’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले. ती नेहमीप्रमाणे परत आली आणि दुसऱ्या डब्यात गेली.

मे महिन्यात नवी नोटीसही आली, जुन्यावर डकवली गेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मी जिन्याच्या खिडकीत उभी होते. पाणी पन्हळीतून सरळ खाली येत होते. थोड्या वेळाने बोळीच्या तोंडाशी छत्री दिसली, पुतणे होते. ते पहिल्यांदाच बोळीत शिरले, मान वर करून बराच वेळ पाणी पाहत उभे राहिले, आणि मी दिसताच त्यांनी खालून विचारले, “पत्रा किती गेजचा घातलाय?”

मी सांगितले, बावीस. त्यांनी खिशातून एक पाकीट काढले आणि त्याच्या मागे लिहून घेतले.